सात मिनिटांत शहाणी ठरली, पण मुलं कुठे होती?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, बसमध्ये उभे आहात, हेडफोन घरी विसरलात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजच्या एपिसोडची सुरुवात इतिहासातून नाही, एका पीडीएफपासून आहे. काही महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीने मला एक फाइल पाठवली. तिचं नाव सांगणार नाही, ताई म्हणूया. तिला विचारून हे सांगतोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. फाइल म्हणजे तिच्या नवऱ्याने कोर्टात दिलेलं प्रतिज्ञापत्र. वेगळे होऊन वर्ष झालेलं, सहा वर्षांच्या मुलीच्या ताब्याची केस चालू. त्यात लिहिलं होतं की ताई मानसिकदृष्ट्या अस्थिर आहे, तिच्याकडे मूल सुरक्षित नाही. पुरावा म्हणून दोन गोष्टी जोडलेल्या. एक, बाळंतपणानंतर काही महिने तिने घेतलेल्या गोळ्यांच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो. दुसरी, एका रात्री तिने पाठवलेले अकरा व्हॉट्सॲप मेसेज. रडके, चिडलेले, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेले. त्या मेसेजच्या आधी त्याने काय काय पाठवलं होतं, ते स्क्रीनशॉटमध्ये नव्हतं.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. कोणी मला फक्त एररच्या ओळी कापून पाठवल्या आणि आधीची रिक्वेस्ट पाठवलीच नाही, तर मी पहिला प्रश्न विचारतो, वरचं कुठंय? पण ताईच्या बाबतीत मी तो प्रश्न विचारला नव्हता. वेगळं झाल्यावर तो रोज तीस-चाळीस मेसेज करतो, शाळेच्या गेटवर येऊन उभा राहतो, मुलीला "तुझ्या आईला बरं नाहीये" असं सांगतो, हे ती मला आधीच सांगत होती. आणि मी तिला म्हणालो होतो, "ताई, जरा जास्तच विचार करतेस तू." तोही चांगला बोलायचा ना. सणाला भेटला की मिठी मारायचा.

ती पीडीएफ वाचल्यावर मला झोप लागली नाही. आणि माझी सवय अशी की झोप नाही लागली की मी जुन्या केसेस वाचतो. त्यात मला एलिझाबेथ पॅकार्ड भेटली. अमेरिकेतली, दीडशे वर्षांपूर्वीची. तिची गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं की ताईच्या नवऱ्याच्या वकिलाने हीच केस वाचून अर्ज लिहिलाय की काय.

नाडी बघितली आणि निकाल लागला

एलिझाबेथचा जन्म १८१६ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वेअर गावचा. वडील धर्मोपदेशक. मुलीला त्यांनी चांगलं शिकवलं, ती शाळेत शिकवायलाही लागली. एकोणीस-वीस वर्षांची असताना ती खूप आजारी पडली, ताप, डोकेदुखी, भ्रम. वडिलांनी तिला वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं. काही आठवड्यांत बरी होऊन घरी आली. विषय संपला. म्हणजे, संपला असं तिला वाटलं. ही नोंद लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

१८३९ मध्ये तिचं लग्न थिऑफिलस पॅकार्डशी झालं. तोही धर्मोपदेशक, तिच्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. सहा मुलं झाली. १८५७ मध्ये कुटुंब इलिनॉय राज्यातल्या मँटेनो नावाच्या छोट्या गावात आलं. थिऑफिलसचा धर्म कडक होता, माणूस जन्मतःच पापी असतो असं मानणारा. एलिझाबेथला ते पटेना. लहान मूल पापी कसं असेल, असा तिचा साधा प्रश्न. चर्चच्या बायबल वर्गात ती हे उघड बोलायला लागली आणि लोक तिचं ऐकायला लागले. स्वतःच्याच चर्चमध्ये बायको आपल्याविरुद्ध बोलते, हे थिऑफिलसला सहन होईना. तिला गप्प बसायला सांगितलं, ती बसली नाही. मग त्याने तिचं डोकं ठिकाणावर नाही असं लोकांना सांगायला सुरुवात केली.

आता इथे कायदा बघा. इलिनॉयमध्ये कुणालाही वेडं ठरवून असायलममध्ये टाकायचं तर पुरावा लागायचा. पण १८५१ च्या कायद्यात एक अपवाद होता. विवाहित स्त्रीला, नवऱ्याच्या विनंतीवरून आणि असायलमच्या प्रमुखाच्या मताने, इतरांना लागतो तो पुरावा न घेता आत ठेवता येत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या युजर्सना दोन वेळा पासवर्ड आणि एका युजरसाठी मागचं दार उघडं.

१८ जून १८६० च्या सकाळी थिऑफिलस दोन डॉक्टर आणि शेरीफला घेऊन तिच्या खोलीशी आला. तिने आतून कडी लावली होती, कपडे घालत होती. त्याने कुऱ्हाडीने खिडकी फोडली. डॉक्टरांनी तिची नाडी बघितली. बस, तपासणी झाली. तिने सांगितलं की मी माझ्या पायांनी जाणार नाही, न्यायचं तर उचलून न्या. म्हणून माणसांनी तिला उचलून स्टेशनवर नेलं. मागे सहा मुलं. सगळ्यात धाकटा आर्थर दीड वर्षाचा. मुलगी लिबी दहा वर्षांची, त्या दिवसापासून घर तिच्या अंगावर पडलं.

जॅक्सनव्हिलच्या असायलमचा प्रमुख होता डॉ. अँड्र्यू मॅकफार्लंड. सुरुवातीला तो एलिझाबेथशी सभ्यपणे वागला, तिला चांगल्या वॉर्डात ठेवलं. तिलाही वाटलं की हा शिकलेला माणूस आहे, माझी बाजू समजून घेईल. मग तिने त्याच्या कारभारातल्या चुका त्याला लिहून दिल्या. त्यानंतर तिला गंभीर रुग्णांच्या वॉर्डात हलवलं. तिथे तिने बादली घेतली आणि वॉर्ड धुवायला, रुग्णांना आंघोळ घालायला सुरुवात केली. आणि मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर लिहायला लागली, लपवून. कोण आत का आलंय, कोणाला कसं वागवलं जातंय, काय घडलं.

मला ही गोष्ट वाचताना ज्याने थांबवलं ते म्हणजे या सापळ्याची रचना. ती शांत राहिली तर डॉक्टर म्हणणार, उपचारांचा परिणाम होतोय, अजून ठेवूया. चिडली तर, बघा, वेडाचा झटका. आपण वेडी नाही असं म्हणाली तर तेच वेडाचं लक्षण, कारण वेड्याला आपलं वेड कळत नाही. आपण वेडी आहोत असं म्हणाली तर प्रश्नच मिटला. कोणतंही इनपुट द्या, आउटपुट एकच. असा प्रोग्राम मी लिहिला तर माझा लीड म्हणेल, बाबा रे, यात तू टेस्ट काहीच करत नाहीयेस.

शिलाई मशीनवाला पाहुणा

तीन वर्षांनी, जून १८६३ मध्ये, असायलमने तिला "बरी न होणारी" असा शेरा मारून बाहेर काढलं. तिच्या थोरल्या मुलाची धडपड यामागे होती. तो नुकताच सज्ञान झाला होता. बापाचा विरोध पत्करून तो आईला भेटायला जायचा.

ती परत मँटेनोच्या घरी आली. थिऑफिलसने तिला खोलीत कोंडलं, खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. तिला कळलं की आता तो तिला मॅसॅच्युसेट्सच्या असायलममध्ये न्यायची तयारी करतोय. तिने एक चिठ्ठी लिहून बाहेर मैत्रिणीपर्यंत पोचवली. चिठ्ठी पुढे न्यायाधीशापर्यंत गेली. आणि इथे कायद्यातली एक फट तिच्या कामी आली. बायकोला असायलममध्ये टाकायला नवऱ्याला परवानगी होती, पण स्वतःच्या घरात कोंडून ठेवायला नव्हती. न्यायाधीश चार्ल्स स्टार यांनी हेबियस कॉर्पसचा आदेश काढला, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा. थिऑफिलसने उत्तर दिलं, ती वेडी आहे म्हणून कोंडली. न्यायाधीशांनी सांगितलं, मग सिद्ध कर. ज्युरीपुढे.

जानेवारी १८६४, कँकाकीचं कोर्ट. बारा पुरुषांची ज्युरी. तीन वर्षं सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी "सिद्ध कर" म्हणालं होतं.

साक्षी ऐका. एका डॉक्टरने सांगितलं की तिच्याशी तो बोलला होता आणि ती वेडी आहे. हा डॉक्टर तिच्याकडे डॉक्टर म्हणून गेलाच नव्हता. शिलाई मशीन विकणारा एजंट आहे असं सांगून तिच्यापुढे बसवलेला. ती त्याच्याशी मशीनवरून सुरू होऊन बायकांच्या हक्कांपर्यंत मोकळेपणाने बोलली, आणि ते सगळं त्याने वेडाची लक्षणं म्हणून यादी करून कोर्टात वाचलं. तिने चर्च सोडायचा अर्ज दिला, हेही वेडाचं लक्षण म्हणून मांडलं गेलं. नवऱ्याशी धर्मावरून मतभेद, हेही. तिच्या बाजूने एक डॉक्टर उभा राहिला, डंकनसन. त्याने साधं सांगितलं की तिची सगळी मतं मला पटत नाहीत, पण मतं पटत नाहीत म्हणून मी कुणाला वेडं म्हणत नाही.

एक प्रसंग तिच्या वकिलाने लिहून ठेवलाय. लिबीला तिची आत्या कोर्टात घेऊन आली होती. आईसमोरून जाताना मुलगी थांबली, आईने तिला जवळ घेऊन मुका घेतला. आत्याने मुलीला ओढून काढलं आणि म्हणाली की या बाईपासून लांब ये, ही तुला सांभाळायला लायक नाही. भर कोर्टात, मुलीच्या देखत. मी हे वाचलं तेव्हा मला शाळेचं गेट आठवलं. "तुझ्या आईला बरं नाहीये."

१८ जानेवारीला ज्युरी आत गेली. सात मिनिटांत बाहेर आली. एलिझाबेथ पॅकार्ड शहाणी आहे. कोर्टात टाळ्या, रुमाल हलवणं, बायका रडतायत. सिनेमा असता तर इथे नावं वर सरकायला लागली असती.

निकालानंतरचा रिकामा दिवाणखाना

ती घरी गेली. घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. निकाल लागायच्या आतच थिऑफिलसने घर भाड्याने दिलं होतं, सामान, तिचे कपडे, पैसे गोळा केले आणि मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स गाठलं.

तुम्ही म्हणाल, पोलिसात जा. काय म्हणून जाणार? त्या काळच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची आणि मुलंही नवऱ्याची. त्याने काही चोरलंच नव्हतं. ती कोर्टातून शहाणी म्हणून बाहेर पडली, पण "शहाणी बायको" या पदालाही मुलांवर हक्क नव्हता. उलट तो मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांना सांगत राहिला की ती वेडीच आहे, इलिनॉयच्या ज्युरीला काय कळतंय.

आज आपण ज्याला वेगळं झाल्यानंतरचा छळ म्हणतो, तो नेमका हा. आपल्याला वाटतं, घर सोडलं की त्रास संपला. पण ज्याला ताबा हवा असतो, माणसावरचा ताबा, त्याच्या हातून घर गेलं की तो उरलेली साधनं वापरतो. मुलं, पैसे, कोर्टाच्या तारखा, आणि नाव. इंग्लंडमध्ये याच काळाच्या थोडं आधी कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेचं तेच झालं होतं. १८३६ मध्ये नवऱ्याने तिच्यावर तेव्हाचे पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशी संबंधांचा आरोप केला, केस हरला, आणि तरीही तीन मुलगे स्वतःकडे ठेवले. कॅरोलिनने पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं, आणि १८३९ मध्ये कायदा झाला की सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आई कोर्टाकडे अर्ज करू शकते. तिच्या स्वतःच्या मुलांना फायदा जवळजवळ झालाच नाही. धाकटा मुलगा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून जखमी झाला. ती पोचेपर्यंत तो गेला होता.

कॅरोलिनवर चारित्र्याचा आरोप, एलिझाबेथवर डोक्याचा. दोन्हींचं काम सारखंच, बाईचं म्हणणं ऐकायच्या आधीच बाद करायचं.

मग तिने काय केलं

हा एपिसोड करायचं खरं कारण इथे आहे. एलिझाबेथ त्या रिकाम्या घरासमोर उभी असताना सत्तेचाळीस वर्षांची होती. पैसे नाहीत, मुलं नाहीत, नावावर असायलमचा शिक्का.

तिने ते लपवलेले कागद काढले आणि पुस्तकं छापायचं ठरवलं. छापायला पैसे नव्हते, म्हणून आधी लोकांना कुपनं विकली, आज पैसे द्या, पुस्तक छापून आल्यावर देईन. आज आपण याला क्राउडफंडिंग म्हणून स्टार्टअपच्या पिचमध्ये घालतो. ती दारोदार फिरली. पुस्तकं खपली. त्या पैशावर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, वेगळी राहिली, पुढे शिकागोत घर घेतलं.

दुसरं, तिने नवऱ्याशी वाद घालत बसणं सोडलं. "मी वेडी नाही" हे त्याला पटवून द्यायचा प्रयत्नच केला नाही. ती कायदे करणाऱ्यांकडे गेली आणि प्रश्नच बदलला. मी वेडी आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. कुणालाही वेडं ठरवायचा अधिकार कुणाला, कोणत्या पुराव्यावर, आणि त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं का, हे सांगा. १८६७ मध्ये इलिनॉयने कायदा केला की ज्युरीपुढे सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही असायलममध्ये ठेवता येणार नाही. पुढे आयोवा राज्यात १८७२ मध्ये तिच्याच पाठपुराव्याने असायलममधल्या माणसांना बाहेर पत्र पाठवायचा हक्क मिळाला. कोंडलेल्या माणसाला एक चिठ्ठी बाहेर जाणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

हे सगळं चालू असताना हल्ले थांबले नव्हते. इलिनॉयच्या विधिमंडळाने असायलमची चौकशी सुरू केल्यावर तिने आत असताना मॅकफार्लंडला लिहिलेलं एक खासगी, भावनिक पत्र बाहेर काढलं गेलं. बघा, अशी बाई. ज्या माणसाच्या हातात तिची सुटका होती, त्याला एकाकी अवस्थेत लिहिलेलं पत्र. कापलेला स्क्रीनशॉट ही काही व्हॉट्सॲपने आणलेली गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तिचे वडील. त्यांनीच तिला तरुणपणी रुग्णालयात ठेवलं होतं, आणि १८६० मध्ये त्यांनी जावयाचं ऐकलं होतं. पुन्हा वेड लागलं असेल, जुनी नोंद आहेच. सुटल्यानंतर ती मॅसॅच्युसेट्सला त्यांच्याकडे गेली, त्यांच्यासोबत राहिली. म्हाताऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मत बदललं, तसं लिहूनही दिलं. त्यानंतर ज्या गावात थिऑफिलस उपदेश करायचा तिथलं वारं फिरलं. तिला सुपरहिरोची गरज नव्हती. "मी तिला रोज बघतो, मला ती बरी दिसते" एवढं म्हणणाऱ्या माणसाची होती.

१८६९ मध्ये इलिनॉयमध्ये विवाहित बायकांच्या हक्कांचा कायदा पुढे सरकला, तिने धाकट्या तिघांच्या ताब्यासाठी पावलं टाकली, आणि थिऑफिलसने ताबा सोडला. मुलं तिच्याकडे शिकागोला आली. आर्थर दीड वर्षाचा असताना तिच्यापासून तुटला होता, आता दहा वर्षांचा होता. नऊ वर्षं. जिंकली असं म्हणताना ही नऊ वर्षं विसरू नका. ती परत मिळाली नाहीत.

आपल्याकडे काय

इंग्लंडच्या त्या १८३९ च्या कायद्यात लहान मूल आईजवळ असावं हा विचार पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत आला. तो धागा आपल्यापर्यंत येतो. ब्रिटिशांनी १८९० मध्ये केलेला पालक आणि पाल्य कायदा भारतात अजून लागू आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं आहे, पण नैसर्गिक पालक म्हणून नाव आधी बापाचं. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लावला की बाप हयात असतानाही, तो प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आई पालक असू शकते.

आणि डोक्याच्या आरोपाचं? आपल्याकडे १९१२ चा वेडसरपणाचा कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं चालला. पण आत्ताचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचा. मी ताईच्या निमित्ताने पहिल्यांदा वाचला आणि चकित झालो. त्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की पूर्वी घेतलेले उपचार किंवा रुग्णालयात राहणं, एवढ्यावरून आज कुणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. वुस्टरची ती नोंद आठवते? त्याच कलमात असंही आहे की मानसिक आजार आहे म्हणजे माणूस कायद्याच्या अर्थाने अक्षम आहे असा अर्थ होत नाही, ते सक्षम कोर्टाने जाहीर करावं लागतं. आणि कलम १०५: कोर्टात एका बाजूने मानसिक आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूने त्याला आव्हान दिलं, तर कोर्टाने तो मानसिक आरोग्य मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा. मंडळ माणसाला तपासून मत देतं. नाडी बघून नाही, शिलाई मशीनवाला बनून नाही.

त्याआधी १९८८ मध्येच सुप्रीम कोर्टाने राम नारायण गुप्ता यांच्या केसमध्ये सांगितलं होतं की नुसतं आजाराचं नाव चिकटवून घटस्फोट मिळत नाही, तो आजार किती आणि कसा आहे हे बघावं लागतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही फक्त एका छताखाली राहणाऱ्यांसाठी नाही. पूर्वी कधीतरी एकत्र राहिलेल्यांनाही लागू होतो, आणि त्यात मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. इंग्लंडने वेगळं झाल्यानंतरच्या नियंत्रणाला गुन्ह्यात धरायला २०२१ चा कायदा आणि २०२३ ची अंमलबजावणी लागली.

कायदा चांगला आहे म्हणजे केस सोपी आहे असं नाही. तारखा पडतात, वकिलाची फी लागते. आणि हेही स्पष्ट बोलतो, की हा आरोप पुरुषांवरही होतो, आणि कधीकधी एखाद्या पालकाची तब्येत खरंच इतकी बिघडलेली असते की मुलाची वेगळी सोय करावी लागते. पण ते ठरवायला तपासणी असते. आरोप करणाऱ्याचा शब्द म्हणजे तपासणी नाही. आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेऊन मुलांचे डबे भरणारे, गृहपाठ घेणारे आईबाप तुमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर आहेत.

ताईचं काय झालं

केस चालू आहे. दर दुसऱ्या शनिवारी मुलगी बापाला कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत भेटते. ताईने एलिझाबेथची अर्धी पद्धत उचलली, उरलेली अर्धी आपली आपण शोधली. एक साधी वही घातलीये. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. विशेषणं नाहीत. "त्याने छळलं" असं लिहीत नाही, "७.४० ते ९.१५ मध्ये २३ मेसेज" असं लिहिते. चॅट कापून ठेवत नाही, पूर्ण एक्स्पोर्ट करून बॅकअप घेते. ते काम माझ्याकडे आहे. त्याला उत्तर फक्त मुलीच्या विषयावर, दोन ओळींत, दिवसातून एकदा. रात्री नऊनंतर नाही. मुलीपुढे बापाबद्दल वाईट बोलायचं नाही, कितीही जीभ खाजली तरी.

आणि सगळ्यात अवघड. ती कौन्सेलरकडे जायची थांबली होती. भीती की अजून एक कागद तयार होईल आणि तोही कोर्टात येईल. वकिलांनी तिला समजावलं की मदत घेतल्याचा कागद हा तिच्या जबाबदारीचा पुरावा आहे. आता परत जाते. झोप सुधारलीये. कुणाला लगेच बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही. महिलांसाठी १८१.

मी काय केलं? मी कोर्टात जाऊन बसतो. बाकी काही नाही. आणि तिला एकदा म्हणालो, "तेव्हा तुला जास्त विचार करतेस म्हणालो ना, ते चुकलं माझं." ती म्हणाली, "हो, चुकलंच." मग आम्ही कँटीनला चहा प्यायलो.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. एलिझाबेथ १८९७ मध्ये गेली. तिने घटस्फोट कधी घेतला नाही, आयुष्यभर वेगळी राहिली. मॅकफार्लंडच्या नावाने इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमध्ये सरकारी मानसिक आरोग्य केंद्र होतं, कित्येक वर्षं. २०२३ मध्ये राज्याने त्या केंद्राचं नाव बदललं. आता तिथल्या पाटीवर एलिझाबेथ पॅकार्डचं नाव आहे.

तुमच्या ओळखीत कुणी "तो मला वेडी ठरवतोय" किंवा "ती मला वेडा ठरवतेय" असं म्हणत असेल, तर आधी "जास्त विचार करतेयस" म्हणू नका. विचारा, वरचं कुठंय? पूर्ण चॅट दाखव. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.